चालताना गाडीने उडवलं : क्लेम मिटवायचा की केस लढायची?

गाडीने उडवलं, पाय मोडला, रॉड बसला, अजून टाकेसुद्धा निघालेले नाहीत आणि तेवढ्यात गाडीमालकाचा कोणीतरी मेव्हणा घरी येऊन म्हणतो, "कशाला कोर्टकचेऱ्या करताय, वर्षानुवर्षं चालेल, आपण आपसात मिटवू." दुसरीकडे शेजारपाजारचे सांगतात की अजिबात मिटवू नका, भरपूर मिळतात. दोघांनीही तुमची फाईल बघितलेली नसते. रस्त्याने चालताना ज्याला लागलंय तो किंवा त्याच्या घरचे, जे पहिल्यांदाच यात पडलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. महाराष्ट्रातल्या मोटार अपघात न्यायाधिकरणापुढची केस, जिला सगळे मॅक्टची केस म्हणतात, ती धरून. मृत्यूच्या केसचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी स्वतःचा आकडा काढा आणि मग समोरच्याची ऑफर ऐका. तडजोड वाईट नाही, कित्येक केसेसमध्ये तीच शहाणपणाची असते, पण आपला आकडा माहीत नसताना केलेल्या तडजोडीत नुकसान बहुतेक वेळा जखमी माणसाचंच होतं, आणि ते कळतं दोन वर्षांनी, रॉड काढायच्या वेळी.

१. सुरुवातीला कशावरही सही करायची नाही

दवाखान्यात असताना "आमची काही तक्रार नाही" असा कागद पुढे येतो, सोबत वीस-पंचवीस हजार रुपये. पैशाची नड असते हे मला माहीत आहे, पण त्या कागदावर सही केली की पुढे विमा कंपनीचा वकील तोच कागद काढून दाखवतो. उपचाराच्या खर्चासाठी आधी दुसरा रस्ता बघा. केंद्र सरकारची मे २०२५ मध्ये लागू झालेली कॅशलेस योजना आहे, त्यात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार नेमलेल्या हॉस्पिटलमध्ये होतात, त्याबद्दल हॉस्पिटलच्या काउंटरवर आणि पोलिसांकडे दोन्हीकडे विचारा.

मग कागद गोळा करायला लागा. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, जबाब, हॉस्पिटलची एमएलसीची (म्हणजे पोलीस केस म्हणून केलेली) नोंद, डिस्चार्ज कार्ड, सगळी बिलं, एक्स-रे, गाडीची आरसी आणि विम्याची कॉपी, ड्रायव्हरचं लायसन्स. २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत पहिला अपघात अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो आणि त्याची प्रत जखमीलाही मिळायला हवी. आपणहून कोणी आणून देईल अशी वाट बघू नका, पोलीस स्टेशनला जाऊन मागा, लेखी अर्ज देऊन पोच घ्या.

पंचनामा आला की तो नीट वाचा, कारण तुमच्या केसचं निम्मं भवितव्य त्या दीड-दोन पानांत असतं. त्यात रस्ता किती फूट रुंद, दुभाजक आहे का, झेब्रा क्रॉसिंग किती अंतरावर, ब्रेकच्या खुणा आहेत का, काचा किंवा चप्पल कुठे पडली होती, रक्ताचा डाग रस्त्याच्या कडेपासून किती फुटांवर हे लिहिलेलं असतं. डाग कडेपासून दोन फुटांवर असेल तर "बाई एकदम रस्त्याच्या मधे पळत आली" हे ड्रायव्हरचं म्हणणं फारसं टिकत नाही. आणि पंचनाम्यात चुकीचं काही लिहिलं असेल तर आसपासच्या दुकानांचं सीसीटीव्ही फुटेज लगेच मिळवा, बऱ्याच ठिकाणी ते थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं.

२. पैसे नक्की देणार कोण

तडजोड कोणाशी करायची हे यावर ठरतं. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. थर्ड पार्टी विमा चालू असेल तर दुखापतीच्या भरपाईला सहसा वरची मर्यादा नसते, म्हणजे पैसे कंपनीकडून येणार आणि गाडीमालक गरीब आहे की श्रीमंत याने फरक पडत नाही. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं तरी लगेच हातपाय गाळायचं कारण नाही, अशा बऱ्याच केसेसमध्ये न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा.

विमाच नसेल तर गोष्ट बदलते. तेव्हा मालकाच्या खिशातूनच पैसे यायचे असतात, त्याच्या नावावर काय आहे, नोकरी कुठे आहे याची चौकशी करावी लागते. निकाल लागल्यावर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी कलेक्टरमार्फत वसुली करायची सोय कायद्यात आहे, पण ज्याच्याकडे काहीच नाही त्याच्याकडून कलेक्टर तरी काय वसूल करणार. इथे रोख हातात येणारी बऱ्यापैकी तडजोड दहा लाखांच्या कागदी निकालापेक्षा खरोखर बरी असते. एसटीने किंवा महापालिकेच्या बसने धडक दिली असेल तर समोर महामंडळ किंवा ती बस कंपनी असते, त्यांना पैसे द्यावेच लागतात.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर मॅक्टऐवजी हिट अँड रनच्या योजनेत तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात अर्ज करायचा, गंभीर दुखापतीला ५० हजार मिळतात. फार नाहीत, पण सोडू नका.

३. मुदत

१ एप्रिल २०२२ पासून क्लेम अपघातानंतर ६ महिन्यांत दाखल करायचा असा नियम आहे. त्याला आव्हान दिलेलं आहे आणि सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेशात सांगितलंय की तूर्त मुदत गेली म्हणून अर्ज फेटाळू नका. पण तो आदेश अंतरिम आहे, त्याच्या भरवशावर बसायचं नाही. "बोलणी चालू आहेत, करू काहीतरी" असं म्हणत सहा महिने घालवायला लावणं ही समोरच्या बाजूची नेहमीची पद्धत आहे, त्यामुळे बोलणी चालू असली तरी अर्ज दाखल करून टाका, तडजोड नंतरही करता येते आणि व्याजसुद्धा साधारण अर्जाच्या तारखेपासूनच मोजतात. अर्ज जिथे अपघात झाला तिथे किंवा तुम्ही राहता तिथे, दोन्हीकडे चालतो, म्हणजे नाशिकला राहणाऱ्याला सोलापूरजवळ गाडीने ठोकलं तर त्याने तारखेला सोलापूरला खेटे घालायची गरज नाही.

४. दुखणं स्थिर होईपर्यंत थांबा

अर्ज लवकर करा पण तडजोडीचा आकडा लवकर ठरवू नका, या दोन गोष्टींत लोक गल्लत करतात. हाड जुळायला काही महिने जातात, फिजिओ असतो, कधी प्लेट सैल होते, कधी परत ऑपरेशन लागतं. एकदा तडजोड झाली की नंतर "डॉक्टरांनी अजून एक ऑपरेशन सांगितलंय" म्हणून परत मागता येत नाही. ऑर्थोपेडिक डॉक्टर जेव्हा म्हणतात की आता यापुढे फार सुधारणा होणार नाही, तेव्हा अपंगत्वाचा दाखला काढायचा, उपचार केलेल्या डॉक्टरांकडून किंवा सिव्हिल हॉस्पिटलमधून, आणि पुढचा अपेक्षित खर्च त्यांच्याकडून लेखी घ्यायचा.

दाखल्यातली टक्केवारी म्हणजेच भरपाईची टक्केवारी असं बहुतेकांना वाटतं, तसं नाहीये. दाखल्यावर "उजव्या पायाचं ३५ टक्के" लिहिलेलं असतं ते त्या पायाचं, अख्ख्या शरीराचं नाही. आणि राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की खरा प्रश्न हा की त्या अपंगत्वाने माणसाची कमाई किती टक्क्यांनी घटली. टेबलावर बसून काम करणाऱ्या कारकुनाचा घोटा कडक झाला तर कमाई फारशी कमी होत नाही. तोच घोटा पायाने शिलाई मशीन चालवणाऱ्या बाईचा असेल, तर पायडल मारताना दर अर्ध्या तासाला तिला थांबावं लागतं, दिवसाला सहा ब्लाउज व्हायचे तिथे तीन होतात. तेव्हा नुसता दाखला फाईलला लावून भागत नाही, तुम्ही काम काय करता आणि त्यात आता नक्की काय जमत नाही हे साध्या शब्दांत लिहून ठेवा, वकिलाला द्या.

५. आकडा काढा

आता याच शिलाईवाल्या ताईंचं उदाहरण घेऊ, आकडे समजण्यासाठी धरलेत. वय ३८, महिन्याची कमाई १५,००० म्हणजे वर्षाला १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत असेल तर पुढच्या वाढीसाठी ४० टक्के धरायचे, हे २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून आलं, म्हणजे २,५२,०००. याला वयानुसार गुणक लावायचा, २००९ च्या सरला वर्मा निकालातलं कोष्टक सगळे वापरतात, ३६ ते ४० वयाला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९ आणि पुढे अजून कमी. २,५२,००० गुणिले १५ म्हणजे ३७,८०,०००. कमाई २० टक्क्यांनी घटली असं धरलं तर त्याचे २० टक्के, ७,५६,०००.

यात बाकीचं मिळवायचं. हॉस्पिटल आणि औषधं १,६०,०००. चार महिने काम बंद, ६०,०००. पुढे रॉड काढायचा खर्च ५०,०००. रिक्षा, खुराक, सोबतीला ठेवलेली बाई यांचे ३०,०००. वेदनांसाठी ७५,००० आणि आयुष्यातलं जे सुटलं, मांडी घालून बसणं, जिना चढणं, मुलीला घेऊन जत्रेत फिरणं, त्यासाठी ५०,०००. बेरीज ११,८१,०००. हा झाला वरचा आकडा, म्हणजे सगळं तुमच्या बाजूने सिद्ध झालं तर.

मेडिक्लेममधून बिल मिळालं असेल तर कंपनी म्हणते तेवढं वजा करा. मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितलंय की मेडिक्लेमचे पैसे भरपाईतून वजा होत नाहीत, कारण त्याचा हप्ता तुम्ही भरलेला असतो. तडजोडीच्या टेबलावर हे आवर्जून बोलायचं.

घरकाम करणाऱ्या बाईला "उत्पन्न नाही" म्हणून शून्य धरणं चूक आहे, कोर्टं घरकामाचं मोल धरतात.

६. आता स्वतःच्या फाईलमधल्या कच्च्या जागा शोधा

हे मनाला लागतं, पण करावंच लागतं. पादचाऱ्याच्या केसमध्ये कंपनीचा पहिला मुद्दा ठरलेला असतो की हा सिग्नल नसताना, मोबाईलवर बोलत, मधूनच रस्ता ओलांडत होता, म्हणून याचीही चूक. न्यायाधिकरणाने ते मान्य केलं तर तुमच्या चुकीच्या टक्क्यांएवढी रक्कम कापली जाते. पण नुसतं लेखी म्हणण्यात लिहून होत नाही, ते कंपनीने सिद्ध करायचं असतं, आणि कितीतरी केसेसमध्ये ड्रायव्हर साक्षीला येतच नाही, त्याचा फायदा तुम्हाला मिळतो. झेब्रा क्रॉसिंग जवळपास नसलेल्या रस्त्यावर माणूस ओलांडणार तरी कुठून, हाही प्रश्न विचारता येतो. जखमी लहान मूल असेल तर त्याच्या चुकीचा मुद्दा बहुतेक टिकत नाही.

दुसरी कच्ची जागा कमाईचा पुरावा. रिटर्न भरत नसाल तर गिऱ्हाइकांची वही, फोनपेचं स्टेटमेंट, बचत गटाचं पासबुक, जे असेल ते काढा. काहीच नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने आकडा धरतं आणि तो तुमच्या खऱ्या कमाईपेक्षा कमी असू शकतो. तिसरी जागा अपंगत्व. तुम्ही २० म्हणता, कंपनी ५ म्हणते, आणि केस लढवली तर डॉक्टरांना साक्षीला आणावं लागतं, त्यांना वेळ नसतो, तारखा त्यातच जातात.

मग खालचा आकडा काढा. ताईंच्याच उदाहरणात कमाईतली घट १० टक्केच धरली तर ७,५६,००० चे ३,७८,००० होतात आणि एकूण ८,०३,०००. वर पुन्हा तिची २० टक्के चूक ठरवली तर उरतात ६,४२,४००. म्हणजे या फाईलचा पल्ला साडेसहा ते पावणेबारा लाख. कंपनी साडेतीन लाख देत असेल तर सरळ नाही म्हणायचं. नऊ लाख देत असेल तर घरी बसून शांतपणे विचार करायचा. साडेसातला मन डळमळतं, आणि तिथे पुढचे प्रश्न कामाला येतात.

७. मिटवायचं की लढायचं

वेळ आणि व्याज हा पहिला प्रश्न. केस पूर्ण लढवली तर काही वर्षं धरूनच चाला, वर कंपनी हायकोर्टात अपील करू शकते, अपिलाची मुदत ९० दिवस. व्याज न्यायाधिकरणं साधारण ६ ते ९ टक्क्यांच्या आसपास देतात, म्हणजे आठ लाखांवर ७ टक्क्यांनी तीन वर्षांचे १,६८,००० झाले, थांबणं अगदी फुकट जात नाही. पण ज्याच्या डोक्यावर हॉस्पिटलसाठी काढलेलं सावकाराचं कर्ज आहे, महिन्याला तीन टक्क्यांनी, त्याच्यासाठी हे ७ टक्के काही कामाचे नाहीत. त्याने थोडं कमी घेऊन आज मोकळं होणं यात काहीही कमीपणा नाही.

मी तडजोडीच्या बाजूने असतो जेव्हा हाड नीट जुळलंय, कायमचं अपंगत्व थोडं आहे, कमाईचा पुरावा कच्चा आहे, किंवा सीसीटीव्हीत तुमचीही थोडी चूक दिसतेय. लढायच्या बाजूने असतो जेव्हा डोक्याला मार लागून माणूस पूर्वीसारखा राहिला नाही, पाय कापावा लागला, जन्मभर सोबत माणूस लागणार आहे, किंवा वय पंचवीस-तीस आहे आणि गुणक १७-१८ आहे. अशा केसमध्ये ऑफर जवळजवळ नेहमी झालेल्या खर्चाभोवती फिरते आणि पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा हिशेब त्यात नसतो. अशा माणसाच्या घरच्यांनी दमून सही केलेली बघितली की फार वाईट वाटतं, कारण पैसे संपल्यावर त्याला सांभाळायला घरातलीच एक बाई कायमची अडकते.

आणि एक गोष्ट जी फार कमी लोकांना माहीत असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये चूक कोणाची हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि हाड मोडणं गंभीर दुखापतीतच येतं. पण कलम १४९ च्या पद्धतीने, म्हणजे कंपनीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याने दिलेली ही रक्कम तुम्ही स्वीकारली, की न्यायाधिकरणापुढचा तुमचा मोठा अर्ज संपतो. किरकोळ फ्रॅक्चर असेल आणि चूक सिद्ध करणं अवघड असेल तर अडीच लाख चांगलेच. अकरा लाखांची फाईल असताना "आधी हे तर घेऊ" म्हणून घेतले तर पुढचं सगळं गेलं. कोणत्या कलमाखाली पैसे देताय हे लेखी विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

८. मिटवायचं ठरलं तर कुठे आणि कसं

घरी, हॉटेलात, स्टॅम्प पेपरवर मिटवू नका, जे काही व्हायचं ते न्यायाधिकरणासमोर नोंदवून घ्या. कंपनीच्या अधिकाऱ्याने ऑफर दिली आणि तुम्ही मान्य केली तर ती न्यायाधिकरण नोंदवतं आणि त्यानंतर ३० दिवसांत पैसे यायला हवेत. नाकारली तर केस पुढे चालते, नाकारल्याचा काही तोटा नाही.

दुसरी जागा लोकअदालत. कोर्टाच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात, एकेका टेबलावर पॅनेल बसतं, समोर तुम्ही, तुमचे वकील, कंपनीचा अधिकारी आणि त्यांचे वकील, आणि गर्दी एवढी की एका फाईलला जेमतेम दहा-पंधरा मिनिटं मिळतात. अधिकाऱ्याकडे त्या फाईलसाठी वरून मंजूर झालेली मर्यादा असते आणि तो तिच्या बऱ्याच खालून सुरुवात करतो, म्हणून पहिला आकडा ऐकून रडकुंडीला यायचं नाही किंवा उठून जायचंही नाही. तुमचा तक्ता एका पानावर लिहून न्या, कमाई, गुणक, टक्के, खर्च, आणि तो पॅनेलपुढे ठेवा. "साहेब काहीतरी वाढवून द्या" पेक्षा "वय ३८, गुणक १५, तुम्ही टक्के किती धरले ते सांगा" याला उत्तर द्यावं लागतं. लोकअदालतीच्या आधी प्राथमिक बैठका असतात, शक्य असेल तर बोलणी तिथेच करा, तिथे निवांत बोलता येतं. आणि घरात ज्याच्या सल्ल्याशिवाय तुमचा निर्णय होत नाही त्याला सोबत न्या, फोनवरून असल्या गोष्टी ठरत नाहीत.

लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, कंपनीलाही नाही आणि तुम्हालाही नाही. भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीची पुरसिस, म्हणजे कोर्टात द्यायचा तडजोडीचा लेखी कागद, लिहिली जाते तेव्हा सही करण्याआधी ती मोठ्याने वाचायला लावा. रक्कम व्याज धरून आहे की सोडून, किती दिवसांत जमा करणार, उशीर झाला तर किती टक्के व्याज, किती रक्कम एफडीत जाणार आणि किती हातात येणार, हे सगळं त्यात हवं. इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा, तो तुमचा हक्क आहे आणि पॅनेलवरचे लोक सांगतातही. जखमी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांच्या आतला, असेल तर आई-वडिलांच्या नुसत्या सहीवर भागत नाही, न्यायाधिकरणाची परवानगी लागते.

९. वकील

मॅक्टची कामं नियमित करणारा वकील बघा. "मिळतील त्यातले इतके टक्के" अशी फी ठरवणं बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही, तरी सर्रास चालतं, म्हणून फी आधीच ठरवा आणि दिलेल्या पैशांची पावती घ्या. कोऱ्या कागदांवर किंवा कोऱ्या चेकवर सही द्यायची नाही. वकील मिटवा म्हणाला तर विचारा का, आणि लढा म्हणाला तरी विचारा का, ज्याला तुमच्या फाईलमधली कच्ची जागा दाखवता येते त्याचा सल्ला ऐकण्यासारखा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, प्रत्येक जिल्हा कोर्टात त्याचं ऑफिस असतं, महिला, लहान मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि कमी उत्पन्नवाल्यांना तिथून मोफत वकील मिळतो.

१०. मिटल्यानंतर

बँक पासबुक आणि पॅनची प्रत वेळेत द्या, नाहीतर पैसे न्यायाधिकरणात जमा होऊन तिथेच पडून राहतात. खातं जखमी माणसाच्या स्वतःच्या नावाचं असू द्या. निवाड्याची प्रमाणित प्रत काढून ठेवा. ठरलेल्या दिवसांत पैसे आले नाहीत तर वकिलामार्फत वसुलीचा अर्ज करायचा, निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच वसूल करता येतो. ड्रायव्हरवरची फौजदारी केस याने आपोआप संपत नाही, ती वेगळी चालते, तिथे साक्षीचं समन्स आलं तर जायचं आणि जे घडलं तेच सांगायचं.